इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे

इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे, त्याला स्पॅनिश सोपी वाटते. आणि पुष्कळ अंशी ती सोपी आहेही. परराष्ट्रसेवेतील अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने स्पॅनिशला सर्वांत सुलभ गटात स्थान दिले असून तिच्यासाठी वर्गातले ६०० ते ७५० तास पुरेसे मानले आहेत. जपानी किंवा अरबीला २२०० तास द्यावे लागतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लॅटिन कुळातील असंख्य शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत शिरले. त्यांचीच भावंडे स्पॅनिशमध्ये भेटतात आणि शिकणाऱ्याला धीर येतो.

परंतु या ओळखीतच धोका आहे. ‘एंबारासादा’ हे इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’चे जुळे भावंड दिसते. एखादी इंग्रज बाई ओशाळून तो शब्द वापरते आणि भोवतालचे लोक तिचे अभिनंदन करू लागतात. कारण त्याचा अर्थ ‘गर्भवती’ असा आहे. ‘लिब्रेरीआ’ म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर पडण्याचा मार्ग नव्हे, यश. असे शब्द पहिल्या दिवसापासून निराळ्या वहीत टिपून ठेवावेत, हे उत्तम. नामही एकटे पाठ करू नये, त्याच्या लिंगदर्शक उपपदासह करावे. ‘ओ’कारान्त असूनही ‘ला मानो’, म्हणजे हात, स्त्रीलिंगी आहे.

उच्चारात सारी अडचण ‘र’ची, असा समज आहे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. त्यातला ‘र’ जिभेच्या टोकावर घोळवला की त्याचाच कुत्रा होतो. हे सरावाने साधते. स्वर मात्र अधिक फसवतात. अ, ए, इ, ओ, उ असे पाचच स्वर, आणि आघात असो वा नसो, ते आपले रूप सहसा सोडत नाहीत. इंग्रजाच्या तोंडी ‘नो’चा ‘नोउ’ होतो आणि आघातहीन स्वर विरून जातो. शब्दारंभीचे प, त, क तो श्वास सोडून उच्चारतो, ते वेगळेच. तोंडासमोर तळहात धरून ‘पान’, म्हणजे पाव, हा शब्द म्हणून पाहावा. हाताला वारा लागला, तर उच्चार अजून इंग्रजीच आहे.

इंग्रजी वाक्यात आवडणारी व्यक्ती कर्ता असते. स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तू कर्ता होते, आणि हे पचायला इंग्रजाला महिने लागतात. आपल्याकडील विद्यार्थी बहुधा इंग्रजांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतूनच स्पॅनिश शिकतो आणि हे ओझेही विनाकारण उचलतो. वस्तुतः ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’. वस्तू अनेक झाल्या की ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते, जसे ‘आवडते’चे ‘आवडतात’. ‘किएरो के बेंगा’ यातील क्रियापदाचे रूप इंग्रजाला गूढ वाटते. मराठी माणसाला ‘त्याने यावे, अशी इच्छा आहे’ यातील ‘यावे’ आठवले की पुरे. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील अंतर तर त्याला शिकवावेच लागत नाही. उलट इंग्रजीची सवय त्याच्या जिभेवर असते. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, घरचेच आहेत. तरीही तो ‘मॅड्रिड’ म्हणतो. त्या शहरातले लोक ‘माद्रीद’ म्हणतात, आणि शेवटचा ‘द’ तर कित्येकदा ऐकूही येत नाही.