तारकांची साक्ष
(हरिहरेश्वर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चांदण्यांनी भरलेल्या आकाशापुढे माणूस उभा करून त्याचे छायाचित्र घेण्याची जी हौस अलीकडे आपल्या किनाऱ्यावर बळावली आहे, तिचा विचार करताना मला बाणकोटच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे स्मरण होते. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा आशयाच्या शतपथ ब्राह्मणातील एका विधानावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा ठरविला, आणि १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त तो हिशेब मांडून ठेवला. आकाश नोंदलेले असले म्हणजे काळ हुडकता येतो, ही ती युक्ती. ज्या चित्रात माणसामागे खरे तारे आहेत, त्यावर मागाहून तारीख घालण्याचे कारणच उरत नाही; येथे १८ अंशांवर दिसणाऱ्या ध्रुवावरून स्थळाचा अक्षांश, ग्रहांच्या स्थानांवरून साल आणि महिना, नक्षत्रांच्या कलण्यावरून घटका, इतका मजकूर त्यात आपोआप दाखल होतो. इतका चोख दस्तऐवज मामलेदार कचेरीच्या दफ्तरातही क्वचितच सापडेल!

हा दस्तऐवज लिहिणे मात्र कष्टाचे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे २० मिलिमीटरच्या भिंगाने वीसेक सेकंदांहून अधिक मुदत घेतली की ताऱ्यांच्या रेघा होऊ लागतात. आणि तेवढा वेळ माणसाला निश्चळ राहावे लागते. न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ ड्रेपर यांनी १८४० च्या सुमारास चंद्राचे छायाचित्र घेतले आणि आपली बहीण डोरोथी हिचेही. त्या बिचारीला ६५ सेकंद बसून राहावे लागले होते. त्या मानाने आपली मागणी माफक म्हणावी. माणूस कॅमेऱ्यापासून पाच मीटरांवर असला म्हणजे तो आणि तारे दोन्ही रेखीव येतात. कॅमेरा गुडघ्याइतका खाली घ्यावा, नाहीतर कमरेखालचा देह काळ्या समुद्रात बुडून जातो. विजेरीचा झोत थेट तोंडावर न मारता पांढऱ्या पंच्यावर क्षणभर टाकला तर परतून येणारा उजेड पुरतो. उजेड पडल्यावर मनुष्य मुदत संपण्यापूर्वीच हलला, तर त्याच्या छातीतून तारे चमकतात आणि घरच्या मंडळींना चित्र दाखविण्याची सोय राहत नाही.

परंतु या स्थळी खरी अडचण समुद्राची. काळोखासाठी अमावास्या निवडावी, तर त्याच रात्री उधाण. आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा आपल्या दर्यावर्दींचा हिशेब लावला, तर ती भरती मध्यरात्रीच्या सुमारास ऐन भरात असते, म्हणजे देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा कातळ पाण्याखाली. त्या कातळावरून माणसे वाहून गेली आहेत, हे येथे कोणास सांगावयास नको. वद्य अष्टमीला मात्र भांगाची, म्हणजे मंद भरती असते, संध्याकाळी सहापासून सुकती लागते आणि चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवत नाही. मे महिन्याच्या मध्यास अशी रात्र मिळाली, तर साडेनऊच्या सुमारास सावित्री नदीच्या मुखापलीकडे, क्षितिजापासून अवघ्या १२ अंशांवर त्रिशंकू उभा असतो. तरीही पुळणीवरच राहावे. रात्री कातळावर जाण्याचा मोह कोणी करू नये.

इतका खटाटोप टाळून दुसऱ्या रात्रीचे आकाश माणसामागे जोडण्याची तजवीज आता यंत्रात झाली आहे. जुन्या छायाचित्रशाळांतल्या रंगविलेल्या पडद्यासारखाच हा प्रकार; फरक एवढाच, की तो पडदा कोणी खरा मानीत नसे. मे महिन्यात रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या समुद्रावर धनु राशीतील आकाशगंगेचा गाभा झळकत असलेले चित्र माझ्या पाहण्यात आले. त्या वेळी धनु राशीचा तो भाग धड उगवलेलाही नसतो, आणि उगवतो तो आग्नेयेस! चित्रातला गृहस्थ सज्जन दिसत होता. त्याच्यामागचे आकाश खोटी साक्ष देत होते, आणि उलटतपासणीस एक पंचांग पुरेसे होते.

उरला प्रश्न तारे फिके पाडणाऱ्या उजेडाचा. नागपूरकडील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. आपणांस एवढी थोर पदवी नको. समुद्राकडे तोंड केलेले निवासगृहांचे दिवे खाली वळवावेत आणि रात्री दहानंतर मालवावेत, इतका ग्रामपंचायतीचा ठराव झाला तरी काम भागेल. त्याचा मसुदा मी सोबत आणला आहे. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर तो सभेनंतर या टेबलावर सह्यांसाठी ठेवतो.