कायद्याच्या तीन शाखा आणि गिरणीतील मूल

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकले जाते : काँग्रेस कायदे करते, राष्ट्राध्यक्ष ते अमलात आणतात आणि न्यायालये त्यांचा अर्थ लावतात. हे वर्णन खोटे नाही. पण कायदा एकाच जातीचा नसतो, हे त्यातून कळत नाही. तेथे सर्वांत वर १७८७ साली तयार झालेली संघराज्याची घटना आहे. तिच्याखाली काँग्रेसचे अधिनियम आणि त्या अधिनियमांच्या आधारे शासकीय खात्यांनी केलेले नियम येतात. घटकराज्यांना आपापली घटना व आपापले कायदे आहेतच. शिवाय न्यायालयांचे निर्णय पुढील खटल्यांत कायदा म्हणूनच वावरतात. या सर्वांच्या ओढाताणीत श्रमिकाचे काय होते, हे बालमजुरीच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेतील कापडगिरण्यांत आणि पेन्सिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींवर लहान मुले राबत होती. काही राज्यांनी निर्बंध घातले. परंतु कडक कायदा करणाऱ्या राज्यातील कारखानदार शेजारच्या सैल राज्यातील स्वस्त मालाकडे बोट दाखवी. ही स्पर्धा थांबवायची तर साऱ्या देशाला लागू होणारा कायदा हवा होता. १९१६ साली काँग्रेसने तो केला आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यावर सही केली. चौदा वर्षांखालील मुले कामाला लावणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर पाठवण्यास बंदी झाली.

दोन शाखांचे एकमत झाले. तिसरीचे झाले नाही. उत्तर कॅरोलायनातील एका गिरणीकामगाराने आपल्या दोन मुलांच्या वतीने या कायद्याविरुद्ध दावा लावला. दाव्यामागे गिरणीमालकांची संघटना उभी होती. १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. उत्पादन हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, व्यापाराच्या नावाखाली काँग्रेसला त्यात शिरता येणार नाही, असा बहुमताचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती होम्स यांनी त्याला विरोध नोंदवला.

काँग्रेसने मग दुसरे हत्यार उचलले. १९१९ साली मुलांना राबवणाऱ्या कारखान्यांच्या निव्वळ नफ्यावर दहा टक्के कर बसवला. हा कर नसून दंड आहे, असे म्हणून न्यायालयाने १९२२ साली तोही रद्द केला. उरला मार्ग घटनादुरुस्तीचा. १९२४ साली काँग्रेसने दुरुस्ती मंजूर केली; पण त्या वेळच्या ४८ पैकी ३६ राज्यांची संमती आवश्यक असताना १९३७ पर्यंत २८ राज्यांचीच मिळाली. ती आजही अपुरीच पडून आहे.

दरम्यान महामंदी आली. न्यायालयाने 'न्यू डील'चे महत्त्वाचे कायदे रद्द केल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३७ साली न्यायमूर्तींची संख्या वाढवण्याचे विधेयक पुढे केले. त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या सिनेटने ते रोखले. मात्र त्याच वर्षी न्यायालयाची दिशा पालटू लागली, आणि १९४० पर्यंत रिकाम्या झालेल्या जागांवर रूझवेल्ट यांना सिनेटच्या संमतीने पाच नवे न्यायमूर्ती नेमता आले. १९३८ साली किमान वेतन, कामाचे तास व बालमजुरी यांविषयीचा अधिनियम झाला. १९४१ साली न्यायालयाने तो एकमताने वैध ठरवला आणि १९१८ चा निर्णय मोडीत काढला.

या तेवीस वर्षांत घटनेतील व्यापारविषयक तरतुदीचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती देशाची आर्थिक स्थिती, मतपेटीचा कौल, कामगार संघटनांचे बळ आणि न्यायासनावरील माणसे. म्हणून सत्ताविभाजन हे श्रमिकांचे जात्याच मित्रही नाही आणि शत्रूही नाही. रूझवेल्ट यांना सिनेटने अडवले, ही त्याच व्यवस्थेची जमेची बाजू. आणि दोन पिढ्यांतील मुले गिरणीत राहिली, ही तिची किंमत.

मिळवलेला कायदाही अपुरा असू शकतो. १९३८ च्या अधिनियमाने शेतावर राबणाऱ्या मुलांना पुरेसे संरक्षण दिले नाही. तेथील नियम आजही कारखान्यांहून सैल आहेत. २०२३ साली आर्कान्सॉ राज्याने सोळा वर्षांखालील मुलांसाठी लागणारा कामाचा परवानाच रद्द केला. कायदा संमत झाला की लढा संपला, असे मानणाऱ्या कार्यकर्त्याने हा इतिहास अवश्य अभ्यासावा. कायद्याचा मसुदा, त्याखालील नियम, त्याची अंमलबजावणी आणि त्यावरील निर्णय या चारही ठिकाणी चळवळीचा पहारा हवा. कारण मालकांचा तो तेथे नेहमीच असतो.