संस्थेला ठाऊक असते ते कोठे राहते?



एखाद्या संस्थेची माहिती मागितली, तर इमारत, पटसंख्या, निकाल आणि ठेवी यांची नोंद सहज सापडते. त्या संस्थेला नेमके काय काय ठाऊक आहे, याची नोंद मात्र बहुधा कोठेच नसते. जुना जाणता कर्मचारी निवृत्त झाला, की कोणती अडचण पूर्वी कशी सुटली, कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सारे त्याच्याबरोबर निघून जाते. मागे राहिलेल्यांना तीच वाट पुन्हा चाचपडत शोधावी लागते. हे नुकसान जमाखर्चात दिसत नाही. म्हणून ते रोखण्याचा विचारही उशिरा सुरू होतो. या विचारालाच आज ज्ञानव्यवस्थापन म्हणतात.

बंगळूरमध्ये या विचाराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. येथील सॉफ्टवेअर कंपन्यांचे भांडवल म्हणजे माणसांची जाण, आणि माणसे तर प्रकल्प बदलतात, गाव बदलतात, नोकरीही बदलतात. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि १९८३ साली बंगळूरला आलेली इन्फोसिस ही कंपनी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. अभियंत्यांनी कामातले अनुभव लिहून ठेवावेत, अशी पद्धत तिने १९९२ साली सुरू केली. पुढे त्यासाठी स्वतंत्र गट नेमला गेला आणि ‘के-शॉप’ नावाचे अंतर्गत संकेतस्थळ उभे राहिले. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागू नये, हा त्यामागचा हेतू होता.

संकेतस्थळ उभे राहिले, तरी लिहिणारे थोडेच होते. म्हणून २००१ च्या सुमारास लेखनाला गुण देण्याची योजना आली. साठलेल्या गुणांच्या बदल्यात आर्थिक लाभ मिळू लागला. लेखांचा पूर आला. पण त्यांची पारख करणाऱ्यांवरचा भार वाढला, सामान्य लेखनालाही उदारपणे गुण मिळू लागले आणि वाचणाऱ्यांचा त्या गुणांवरचा विश्वास ओसरला. कंपनीने हे वेळीच ओळखले, आर्थिक लाभ मागे घेतला आणि जाणकार म्हणून मिळणाऱ्या मान्यतेवर भर दिला. रघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी २००५ साली या साऱ्या प्रवासावर शोधनिबंध लिहिला, तो जगभर अभ्यासला जातो. त्यातून निघणारा बोध साधा आहे. ज्ञानाचा साठा मोठा असणे आणि तो विश्वासार्ह असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साठा विश्वासार्ह असला, तरी सगळेच ज्ञान त्यात मावत नाही. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात व्यक्त ज्ञान आणि अव्यक्त ज्ञान यांतील भेदाला मध्यवर्ती स्थान दिले. जे लिहिता येते ते व्यक्त. जे हातात, कानात आणि सवयीत मुरलेले असते ते अव्यक्त. मराठी माणसाला हा भेद पटवायला जपानपर्यंत जाण्याची गरज नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी मिळवल्या, त्यांना स्वरलिपीत बसवले आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. त्या कार्यामुळे असंख्य बंदिशी विस्मृतीतून वाचल्या. तरीही केवळ पुस्तक समोर ठेवून कोणी गवई झाला नाही. स्वराचा लगाव गुरूसमोर बसूनच उमगतो. वही आणि गुरू, दोन्ही लागतात. आधुनिक संस्थांनाही हेच लागू आहे.

तंत्रज्ञानाचे स्थान यानंतर येते. ज्या माहितीजालाने आज जग व्यापले आहे, त्याचा जन्मच अशा एका अडचणीतून झाला. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत शास्त्रज्ञ येत, थोडी वर्षे काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर माहितीही हरवे. त्यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला, त्यातून हे जाळे विणले गेले. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी कोणालाही दुरुस्त करता येईल असे ‘विकी’ पान सुरू केले. मराठी विकिपीडियाही २००३ पासून याच तत्त्वावर चालत आला आहे. आज एकच दस्तऐवज दहा जण एकाच वेळी सुधारू शकतात, कोणी काय बदलले हेही त्यात कळते. याउलट, व्हॉट्सॲपच्या गटावर आलेली उत्तम सूचना चार दिवसांत शुभेच्छांखाली गाडली जाते. देवाणघेवाण झाली म्हणजे जतन झाले, असे नव्हे.

शाळा हीसुद्धा एक ज्ञानसंस्थाच. पण स्वतःचे अनुभव टिपण्यात ती बहुधा मागे राहते. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला तर हे परवडण्यासारखे नाही. एकच उदाहरण पुरे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारले जातात. कन्नडात ‘इप्पत्तैदु’ म्हणताना वीस आधी येतात, इंग्रजीतही तसेच. तिन्ही भाषा कानांवर पडणारे मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते, तेव्हा अनुभवी शिक्षिकेला ते मूल गणितात कच्चे वाटत नाही. चूक अंकज्ञानाची नसून भाषेच्या वळणाची आहे, हे तिला कळते आणि तिची शिकवण्याची रीत बदलते. नवख्या शिक्षिकेला हे कोणी सांगितले नाही, तर त्या मुलावर कच्चेपणाचा शिक्का बसतो आणि तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही. कन्नड परिसरात मराठीतून शिकवण्याच्या अशा शेकडो खुणा शिक्षकांच्या मनात असतात. त्या येथे हरवल्या, तर मागायला शेजारी दुसरी शाळा नसते.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टींचा आरंभ व्हावा. प्रत्येक विषयाची एक सामायिक टिपणवही संगणकावर असावी. तीत मुलांची नेहमीची चूक, तिचे कारण आणि लागू पडलेला उपाय शिक्षकाच्या नावानिशी लिहिला जावा. तिची निगा एका ठरावीक व्यक्तीकडे असावी, कारण न निवडलेले धान्य आणि न तपासलेली माहिती दोन्ही सारखीच. आणि निवृत्तीला आलेल्या शिक्षकाच्या वर्गात नव्या शिक्षकाने निदान एक सत्र सोबत बसावे. जे वहीत उतरत नाही ते तेथे मिळेल.

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात वावरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना अशी वही उभारून देणे अवघड नाही. पालकांचा वाटाही तितकाच मोलाचा आहे; मूल घरी कोणत्या भाषेत मोजते, कोणत्या शब्दाला अडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? साठ वर्षांत या दारातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला शाळेविषयी असे काहीतरी ठाऊक आहे, जे कोणत्याही कपाटात नाही. ते लिहिले जावे, तपासले जावे, आणि उद्या पहिलीच्या वर्गात ५२ लिहून बसलेल्या एखाद्या मुलाच्या उपयोगी पडावे.