मेंढपाळाला हिशेब विचारताना

संमेलनाच्या अध्यक्षाने मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आज बाजूला ठेवतो, कारण एक गोष्ट बरीच वर्षे मनात साचली आहे. आपल्याकडे पाळकांचे, बिशपांचे, संस्थाचालकांचे गौरवग्रंथ निघतात आणि त्यांच्या नम्रतेचे गोडवे गाताना लेखणी थकत नाही. त्यांनी मंडळीला हिशेब कसा दिला, हे मात्र कोणी लिहीत नाही. ख्रिस्ती पुढारीपणाची शिकवण आपण अर्धीच सांगत आलो आहोत.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, मोठे होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे असे सांगितले, हे प्रवचनांत आपण ऐकतोच. पण सेवक म्हटला की धनी आला, आणि धनी आला की हिशेब आला. मेंढपाळाची प्रतिमा आपण पुढाऱ्याच्या सन्मानाला वापरतो. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात तिचे आरोपपत्र होते. लोकर पांघरली, धष्टपुष्ट मेंढरे कापून खाल्ली, जखमींना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांना शोधले नाही. आणि कळप तर देवाचा होता. पहिल्या मंडळीला याचे भान होते. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर यरुशलेमेतल्या ग्रीक भाषिकांनी केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही. सगळ्यांना बोलावले आणि सात माणसे लोकांनाच निवडायला लावली. त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांकडे वाटप गेले असावे. पौलाने यरुशलेमेसाठी वर्गणी जमवली, तेव्हा पैशावरून कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला. प्रेषिताला साक्षीदार लागतो, मग आपल्या विश्वस्तांना का लागू नये?

यावर ठरलेला आक्षेप असा, की देवाच्या अभिषिक्तावर हात टाकू नये. हे दावीदाचे बोलणे खरे, पण तो पुढे काय करतो तेही वाचा. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला असता त्याने त्याला मारले नाही, झग्याचा काठ तेवढा कापला. मग बाहेर येऊन, तो काठ दाखवून, राजाला जाब विचारला. दावीद स्वतः राजा झाल्यावर उरियाच्या खुनाबद्दल नाथानाने त्याला विचारलेच. दुसरा आक्षेप जड आहे, आणि त्यामागची भीती मी खोटी मानत नाही: आपण अल्पसंख्य, घरातले वेशीवर टांगले तर शाळा-दवाखान्यांवर गदा येईल. परंतु बोस्टनमध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार झाकले गेले, तेही चर्चचे नाव जपायलाच. २००२ मध्ये वृत्तपत्राने ते उघड केले, त्याच डिसेंबरात कार्डिनल लॉ यांना तिथले आर्चबिशपपद सोडावे लागले, आणि नाव गेले ते गेलेच. मुलांचे जे गेले त्याला तर भरपाईच नाही. आता पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर धर्मांतराचे आरोप झाले, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. त्यांच्याइतके एकटे आपल्यापैकी कोण होते? अमेरिकेतल्या मदतनिसांनी कबूल केलेली दहा वर्षे सरली, तेव्हा १८९८ मध्ये त्या स्वतः तिकडे गेल्या आणि झालेले काम त्यांच्यापुढे मांडून आल्या. त्याने त्यांचे काम खचले नाही. केडगावचे मुक्ती मिशन त्यानंतर वाढतच गेले.

या संमेलनाकडून मला हवे ते थोडके आहे. मंडळ्यांच्या जुन्या सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, सभासदांचे तक्रारअर्ज वाळवीच्या तोंडी जाण्याआधी कोणीतरी गोळा केले पाहिजेत. कसे आणि कोणत्या पैशाने, ते कार्यकारिणीने ठरवावे. आणि पुढचा गौरवग्रंथ निघेल, तेव्हा संपादकांनी त्यातले एक प्रकरण मंडळीतल्या साध्या सभासदांना लिहू द्यावे, आणि ते न छाटता छापावे.