विचारणाऱ्याला सावड



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वर्धापनदिनानिमित्त चार शब्द आपल्यापुढे ठेविते.

आपल्याच जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी राहत असत. माहितीच्या अधिकाराखाली कागद मागवून ते जमिनींच्या व्यवहारांतील गैरप्रकार उजेडात आणीत. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांची हत्या झाली. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनाही २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळीच गोळ्या घातल्या. दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली ती २०२४ साली.

हे ऐकून आपण घरच्या माणसाला म्हणतो, "तुम्हांला काय पडलंय? गप्प बसा." भीती खोटी नाही. पण मारणाऱ्याचा हिशेब असा, की माणूस गेला की प्रश्नही गेला. तो हिशेब आपण चुकवू शकतो.

माहितीचा हा कायदा २००५ सालचा. अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर मिळावे असा नियम आहे. रेशनचा, रस्त्याचा, जमिनीचा प्रश्न असो. एकट्याने विचारण्याऐवजी मंडळातल्या दहाजणींनी तोच अर्ज आपापल्या नावाने द्यावा. दहा दारांशी धमकी द्यावयास कोण जाईल? आणि कोणाला धमकी आलीच, तर पोलीसठाण्यात त्याच्यासोबत आपण सगळ्यांनी जावे.

भाताच्या लावणीला आपण एकमेकींच्या खाचरात सावड करितो. पासलीच्या बायकांना ती शिकवावी लागत नाही. तीच सावड खरे विचारणाऱ्यालाही द्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.

जय हिंद!