अतिदक्षता विभागातील औषधनिर्माता



रुग्णालयातील औषधनिर्माता म्हटला, की खिडकीआड उभा राहून चिठ्ठीबरहुकूम गोळ्या मोजून देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. या खिडकीपेक्षा अतिदक्षता विभागातील खाटेजवळ त्याची गरज अधिक आहे, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपला बुलढाणा जिल्हा कापूस-सोयाबीनचा. कीटकनाशकाची विषबाधा आपल्याला नवी नाही. कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील असेल, तर अॅट्रोपीनचे इंजेक्शन द्यावे लागते. एका कुपीत बहुधा ०.६ मिलिग्रॅम औषध असते. गंभीर रुग्णास प्रारंभी तीन ते पाच कुप्या देतात आणि छातीतील स्राव आटोक्यात येईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. तीन कुप्यांपासून आरंभ करून पाच मात्रा लागल्या, तर वीस मिनिटांत ९३ कुप्या संपतात! प्रत्येकास इतक्या लागत नाहीत. परंतु ज्यास लागतात त्याच्यासाठी रात्री दोन वाजता साठा हाताशी हवा. हा हिशेब आधी मांडून ठेवणे हे औषधनिर्मात्याचे काम.

जपावयाची औषधे आणखीही आहेत. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र कुपी पातळ न करता शिरेत गेली, तर हृदय थांबू शकते. म्हणून ती इतर कुप्यांत मिसळू न देता वेगळी, ठळक चिठ्ठी लावून ठेवावी लागते. इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे असते, तसेच १०० युनिटचेही. चाळीसच्या पिचकारीत शंभरचे भरले, की मात्रा अडीचपट होते. थकलेल्या परिचारिकेला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. कुपी खाटेपर्यंत जाण्यापूर्वी दुसऱ्या जाणत्या डोळ्याने ती पाहिली पाहिजे.

औषध मुळातच दूषित असेल, तर काय होते, हे महाराष्ट्राने १९८६ साली पाहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी व तपासणीच्या साखळीतील दोष उघड केले. तेव्हापासून गट क्रमांक नोंदविणे हे माझ्या लेखी कारकुनी काम राहिलेले नाही.

औषधनिर्मात्याने सूचना केल्यास डॉक्टरांना राग येईल, अशी एक भीती असते. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात औषधनिर्माता अतिदक्षता विभागाच्या फेरीत सहभागी होऊ लागला, त्याविषयीचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे घडणारे, टाळता येण्याजोगे अपाय ६६ टक्क्यांनी घटले आणि त्याच्या जवळजवळ सर्व सूचना डॉक्टरांनी मान्य केल्या. तिकडील मनुष्यबळ आपल्याकडे नाही, हे खरे. तथापि दिवसातून एक फेरी अशक्य नाही.

येथे पंचायत सदस्य आहेत, शिक्षकही आहेत. रुग्ण कल्याण समितीत आपला प्रतिनिधी असेल, तर रात्री औषधसाठ्याची किल्ली कोणाकडे असते, एवढे त्याने जरूर विचारावे. आणि गावातून विषबाधेचा रुग्ण निघेल तेव्हा कीटकनाशकाचा डबा, चिठ्ठी न फाडता, पिशवीत घट्ट बांधून सोबत द्यावा. तो रोज घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटेही द्यावीत. सर्वच कीटकनाशकांवर अॅट्रोपीन हा उतारा नाही, आणि रुग्णाला बोलता येत नसेल तेव्हा तो डबाच बोलतो.