तारापूरचे विद्यापीठ आणि त्याचा उंबरठा



विद्यापीठ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राजाबाई मनोरा उभा राहतो. ग्रंथालयाच्या पायऱ्या, पदवीदानाचे झगे, वार्षिक स्नेहसंमेलन आणि परीक्षेचे निकाल एवढ्या सामग्रीतून आपल्या मनातील विद्यापीठ साकार होते. पालघर जिल्ह्यात असा मनोरा नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, तरी येथील महाविद्यालयांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्याच शिक्क्याच्या आहेत. आणि तरीही बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने थोडे पुढे गेले की अशी एक जागा लागते, जेथे अर्धशतकाहून अधिक काळ अध्ययन, अध्यापन, संशोधन आणि परीक्षा अखंड चालू आहेत. तिला कुणी विद्यापीठ म्हणत नाही. लोक तिला 'अणुशक्ती' म्हणतात.

औपचारिक अर्थानेही येथे विद्यापीठ पोहोचले आहे. २००५ च्या जून महिन्यात 'होमी भाभा राष्ट्रीय संस्था' या नावाने अणुऊर्जा विभागाचे अभिमत विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. अनिल काकोडकर यांनी त्याचे कुलपतिपद भूषविले. या विद्यापीठाची रचना जगावेगळी आहे. आधी इमारती, मग विभाग, मग संशोधन हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, परळचे टाटा स्मारक केंद्र अशा नामवंत संस्था आधीच उभ्या होत्या, विद्यापीठ नंतर आले आणि त्याने या संस्थांना एका छत्राखाली घेतले. भाभा केंद्र ही त्यातील एक घटक संस्था. या केंद्राचे इंधननिर्मिती, पुनर्प्रक्रिया आणि किरणोत्सारी कचऱ्याचे व्यवस्थापन करणारे महत्त्वाचे विभाग तारापूरच्या किनाऱ्यावर आहेत. येथे पीएच.डी. करणारा बहुधा नोकरीतला वैज्ञानिक असतो. त्याची प्रयोगशाळा म्हणजेच त्याची कामाची जागा. प्रबंधासाठी प्रश्न शोधत त्याला फिरावे लागत नाही, कारण प्रश्न रोज सकाळी त्याच्या टेबलावर येऊन पडलेला असतो.

हा किनारा विद्येला आणि पराक्रमाला पारखा कधीच नव्हता. शेजारच्या चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांत, इंद्र तिसरा याच्या काळात, इ. स. ९२६ मध्ये, संजाण परिसरातील एका मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे. तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर येथेच धारातीर्थी पडले. अणुभट्टीची सहल काढणाऱ्या किती शाळा या किल्ल्यापाशी दहा मिनिटे थांबतात, हे त्या त्या शिक्षकांनीच स्वतःला विचारावे.

अणुकेंद्राची कथा मात्र अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण खरे शिक्षण त्या कथेत आहे. १९५७ साली डॉ. होमी भाभा यांनी तुर्भ्याला प्रशिक्षणशाळा सुरू केली. देशात अणुविजेचा एकही दिवा तेव्हा लागलेला नव्हता. आधी माणसे घडवायची आणि मग यंत्रे आणायची, हा त्यांचा क्रम होता. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला. अमेरिकी कंपनीने दोन भट्ट्या उभारून द्यायच्या आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच तीस वर्षे पुरवायचे, असे ठरले. १९६४ मध्ये बांधकाम सुरू झाले. १९६६ च्या जानेवारीत डॉ. भाभा विमान अपघातात गेले. तारापूरची वीज त्यांना पाहता आली नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात दोन्ही संच व्यापारी तत्त्वावर चालू झाले. भारतातील अणुविजेचा आरंभ तो हाच.

या भट्ट्या परक्या आराखड्याच्या होत्या, त्यांचे इंधन परके होते आणि सुटे भागही परकेच होते. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला आणि परिस्थिती पालटली. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि जुन्या कराराचा शब्द त्या कायद्याखाली दाबला गेला. १९८० मध्ये बऱ्याच वादानंतर इंधन देण्यास संमती मिळाली, पुढे दार बंदच झाले. १९८२ पासून फ्रान्सने इंधन दिले. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली तेव्हा तोही मार्ग खुंटला. त्यानंतर चीनकडून आणि मग रशियाकडून इंधन घ्यावे लागले. ज्या चीनशी युद्ध झाले त्याच्याकडून मुंबईच्या दिव्यांसाठी युरेनियम घेण्याची वेळ यावी, ही परावलंबनाची किंमत कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट शिकवून जाते.

परंतु याच काळात तारापूर शिकले. भट्टीच्या मूळ आराखड्यातील दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा ती बाजूला काढून दोनशे दहा मेगावॉटचा संच एकशे साठ मेगावॉटवर चालविण्यात आला. मूळ उत्पादकाचा तज्ज्ञ बोलावणे शक्य नव्हते. किरणोत्साराच्या सान्निध्यात माणसाला काही मिनिटेच थांबता येते. त्यामुळे दुरून हलविता येणारी अवजारे, पाण्याखाली तपासणी करणारे कॅमेरे, खास बनावटीचे पाने हे सारे येथेच आखले गेले आणि देशी कारखान्यांतून करवून घेतले गेले. समृद्ध युरेनियमची टंचाई झाली तेव्हा प्लुटोनियम मिसळलेल्या मिश्र ऑक्साइड इंधनाचा पर्याय पुढे आला. असे इंधन तारापूरच्याच कारखान्यात तयार होऊन १९९० च्या दशकात प्रायोगिक तत्त्वावर भट्टीत वापरले गेले. नकार हा असा अध्यापक ठरला.

संशोधनाचे दुसरे मोठे क्षेत्र म्हणजे वापरलेले इंधन. अनेक देश त्याला कचरा मानतात आणि साठवून ठेवतात. भारताने त्याला खाण मानले. आपल्याकडे युरेनियम कमी आणि थोरियम विपुल आहे, त्यामुळे जळलेल्या इंधनातून प्लुटोनियम आणि उरलेले युरेनियम परत मिळविल्याशिवाय पुढचा टप्पा गाठता येत नाही. यासाठी तारापूरला १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुनर्प्रक्रिया संयंत्र उभे राहिले. त्याच्या जोडीचे दुसरे संयंत्र तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते जानेवारी २०११ मध्ये राष्ट्रार्पित झाले. येथे इंधनाच्या कांड्या तोडल्या जातात, आम्लात विरघळविल्या जातात आणि रासायनिक क्रियेने उपयुक्त द्रव्ये वेगळी काढली जातात. हे सर्व जाड भिंतींच्या कोठडीत चालते. वैज्ञानिक शिसेयुक्त काचेच्या खिडकीतून पाहत यांत्रिक हात चालवितो.

शेवटी उरतो तो अतितीव्र किरणोत्सारी द्रव. त्याचे काय करायचे? तारापूरने दिलेले उत्तर आहे काच. हा द्रव विशिष्ट काचद्रव्यांत मिसळून उच्च तापमानाला वितळवितात आणि पोलादी डब्यांत ओततात. थंड झाल्यावर किरणोत्सारी अणू काचेच्या जाळीतच अडकून बसतात, पाण्याने सहजी धुपून जात नाहीत. असे डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड होत राहतात. त्यासाठी पंख्याचीही गरज नसते, म्हणजे वीज गेली तरी धोका नाही. १९८० च्या दशकात हे काचीकरण येथे सुरू झाले. पुढे सिरॅमिक मुशीचे तंत्र आले. थंड काच विजेची दुर्वाहक असते, पण तापून वितळली की तीच वीज वाहून नेते आणि स्वतःच्याच उष्णतेने वितळत राहते. या एका गुणधर्मावर संपूर्ण यंत्रणा बेतलेली आहे. रसायनशास्त्र, धातुशास्त्र, यंत्ररचना आणि संगणक-नियंत्रण या चार विद्याशाखा एका मुशीपाशी एकत्र येतात. आपल्या विद्यापीठांत त्यांचे विभागप्रमुख एकमेकांच्या खोलीतही जात नाहीत!

तिसरे क्षेत्र लोकांच्या जिव्हाळ्याचे आहे. भाभा केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा येथे आहे. आसपासचे पाणी, हवा, दूध, भाजीपाला आणि समुद्रातील मासळी यांचे नमुने घेऊन त्यांतील किरणोत्सार मोजणे हे तिचे नित्याचे काम. दांडी, उच्छेळी, घिवली या किनारी गावांतील कोळी बांधवांच्या मनात शंका असतात आणि त्या असणे स्वाभाविक आहे. समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याचा मासळीवर परिणाम होतो का, हा प्रश्न त्यांनी वारंवार विचारला आहे. शास्त्रीय उत्तर अहवालांत असते. अहवाल इंग्रजीत असतात आणि जाळे विणणारा माणूस मराठी वाचतो. ही दरी भरून काढणे अणुविज्ञानापेक्षा अवघड नाही.

पुढे याच आवारात स्वदेशी कर्तृत्वाचा कळस झाला. पाचशे चाळीस मेगावॉटचे, जड पाण्यावर आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणारे दोन संच भारतीय अभियंत्यांनी आखले. चौथा संच ६ मार्च २००५ रोजी आणि तिसरा मे २००६ मध्ये कार्यान्वित झाला. क्रमांकाने मागचा संच आधी पूर्ण झाला, ही गंमत तारापुरात अजून सांगतात. १९६९ चे जुने संच २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबविण्यात आले, तेव्हा त्यांच्या वयाची पन्नाशी उलटलेली होती.

या विद्यापीठाचे दैनंदिन जीवनही वेगळे आहे. भट्टी झोपत नाही, म्हणून माणसे तीन पाळ्यांत जागतात. नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला लेखी परीक्षा, प्रत्यक्ष संयंत्रातील परीक्षा आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्याचा परवाना तीन वर्षांनी पुन्हा पात्रता सिद्ध केल्यावरच नूतनीकृत होतो. तीन वर्षांनी कालबाह्य होणारी पदवी आपल्या अन्य विद्यापीठांनी देऊन पाहावी! बोईसरजवळच्या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांची कुटुंबे नांदतात. गणपतीच्या मंडपात तमिळ, बंगाली आणि मराठी गृहिणी एकत्र राबतात. मुले अणुऊर्जा केंद्रीय विद्यालयांत शिकतात. ३० ऑक्टोबरला डॉ. भाभांची जयंती आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन हे येथले सण आहेत.

आता उंबरठ्याकडे वळावयास हवे. तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. घरे गेली, वाड्या गेल्या, समुद्राची वाट लांबली. पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांनी राष्ट्रासाठी गाव दिले त्यांना आपला हक्क मिळविण्यासाठी वकील द्यावा लागला, ही गोष्ट पाचशे चाळीस मेगावॉटच्या अभिमानाशेजारीच नोंदविली पाहिजे. भरपाईची रक्कम हा एक भाग झाला. त्या गावांतील किती मुले या विद्यापीठात शिकली, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

याच जिल्ह्यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचे, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच वर्ग भरवायचा, शिंपले आणि बिया हेच शैक्षणिक साहित्य मानायचे. योगायोग पाहा, तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा आणि कोसबाडचे केंद्र दोन्ही १९५७ चीच. त्या टेकडीवर जे झाले तेही संशोधनच होते, आणि 'अंगणवाडी' या रूपाने ते देशभर पोहोचले. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते सोनोपंत दांडेकर केळवे-माहीमचे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले, तेथे प्राचार्यपद सांभाळले आणि त्याच वेळी कीर्तनकार म्हणून ते वारकऱ्यांत बसले. विद्वत्ता आणि गाव यांच्यात त्यांनी भिंत येऊ दिली नाही.

कोसबाडचे अंगण आणि तारापूरची प्रयोगशाळा यांच्यामधला रस्ता मात्र अजून कच्चा आहे. तो पक्का करणे सर्वस्वी सरकारवर सोपविण्याचे कारण नाही. भाभा केंद्र आणि अणुऊर्जा महामंडळ विद्यावेतन देऊन प्रशिक्षणार्थी घेतात. एका श्रेणीसाठी दहावीनंतरचे आयटीआय किंवा विज्ञान शाखेची बारावी, तर दुसरीसाठी पदविका किंवा बी.एस्सी. लागते. गणित आणि विज्ञान पक्के हवे, आणि वयाची अट साधारणतः बावीस-चोवीस वर्षांची असते. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतील मुलाला ही जाहिरात कळते तेव्हा तारीख उलटलेली असते, किंवा वय. बोईसर वसाहतीतील निवृत्त अभियंत्यांनी शनिवार-रविवार दोन तास गणित शिकविले, एखाद्या शाखेने तेथे पुस्तकांची पेटी ठेवली आणि जाहिरातीची मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, तर एवढ्यासाठी कोणत्याही मंजुरीची गरज पडणार नाही.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तेथेही कोळी समाजाचा विरोध आहे आणि तेथेही नोकऱ्यांचे आश्वासन आहे. बंदराला क्रेनचालक, विद्युत तंत्रज्ञ, सर्वेक्षक आणि नौकानयनाचे जाणकार लागतील. आज डहाणू तालुक्यात आठवीत बसलेली मुले तेव्हा विशीत असतील.